पडद्यामागचा कान

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून 'डक टेल्स' लागले की आपली मुले टीव्हीसमोरून हलत नसत. त्यातली काही आज आईबाप होऊन समोर बसली आहेत. त्या मालिकेच्या १९८७ सालच्या मूळ इंग्रजी आवृत्तीवर अँड्रिया रोमानो यांनी व्हॉइस डायरेक्टर म्हणून काम सुरू केले. मी भोपाळला आकाशवाणीवर बरीच वर्षे नभोनाट्ये केली, म्हणून या अमेरिकन बाईंबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा.

कार्टूनमध्ये बहुधा आधी आवाज आणि मग चित्र. नटापुढे असतो फक्त कागद. पात्र धावत आले आहे की नुकतेच झोपेतून उठले आहे, हाक किती लांबून मारायची, हे सगळे व्हॉइस डायरेक्टरने त्याच्या डोळ्यांपुढे उभे करायचे.

रोमानोबाई आधी कलाकारांच्या एजंट होत्या. १९८४ पासून हॅना-बार्बेरा स्टुडिओत पात्रांसाठी आवाज निवडू लागल्या, तिथे गॉर्डन हंट यांचे दिग्दर्शन पाहत शिकल्या. १९८९ मध्ये वॉर्नर ब्रदर्समध्ये गेल्या.

निवड हीच त्यांची खरी ताकद, असे मला वाटते. १९९२ च्या 'बॅटमॅन'साठी शेकडो आवाज ऐकून झाल्यावर त्यांना केविन कॉनरॉय सापडले. रंगभूमीवरचा नट, बॅटमॅनची माहिती बेताचीच! पण त्यांनी ब्रूस वेनला एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा. जोकरचे काही भाग टिम करी यांच्या आवाजात रेकॉर्डही झाले होते. ते बदलून मार्क हॅमिल आले, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधला सोज्ज्वळ नायक! त्याच्या गळ्यात असला भयंकर हसणारा खलनायक दडला आहे, हे ओळखायला कान लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, शक्यतो त्या सगळ्या नटांना एकत्र बसवून रेकॉर्डिंग करीत. एकेकाला बोलावणे सोयीचे, तारखा जुळवायची कटकट नाही. पण आम्ही नभोनाट्यात एका माईकभोवती उभे राहायचो, तेव्हा समोरच्याच्या श्वासावरून कळायचे की आपले वाक्य कुठे उचलायचे. सुटे रेकॉर्ड करून जोडलेले संवाद माझ्या कानाला तरी लगेच खटकतात. दोन माणसे बोलताहेत असे वाटतच नाही.

२००५ साली 'अवतार' मालिका आली. त्यात आयरो काकांना आवाज देणारे माको २००६ मध्ये वारले, मालिका मात्र अर्ध्यावर होती. पुढे ते काम ग्रेग बाल्डविन यांनी केले. नाटकात माकोंचे बदली नट म्हणून त्यांनी काम केलेले होते, त्यामुळे तो गळा त्यांच्या ओळखीचा होता. मुलांना काका परके वाटले नाहीत.

२०१७ साली, डाव्या डोळ्याची दृष्टी गेल्यामुळे, रोमानोबाईंनी निवृत्ती घेतली. तोवर आठ एमी पुरस्कार मिळाले होते. कानाचेच तर काम, डोळा कशाला, असे आपल्याला वाटेल. पण हातात जाड संहिता, काचेपलीकडे पाच-सहा नट, आणि कोणाचा कितवा टेक ठेवायचा हे समासात भराभर टिपायचे. नजर एकदा चुकली की सगळी ओळच हुकते.

आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबते.