हवेची वाट



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या सरांनी मला पदार्थविज्ञान शिकविले. त्यांचे गुणवर्णन करण्यापेक्षा, त्यांनी दाखवून दिलेली माझी एक चूक आज आपणांपुढे मांडतो.

१९८४ च्या स्नेहसंमेलनात मी स्वतः बनविलेले ध्वनिक्षेपक याच सभागृहात लावले होते. तबलावादन रंगले; परंतु डग्ग्यावर जोराची थाप पडली की पेटीतून ‘भस्स’ असा आवाज येई. मी विक्रेत्याच्या मालाला दोष देऊन मोकळा झालो. सरांनी मात्र उदबत्ती पेटवून पेटीच्या नळीसमोर धरली. प्रत्येक थापेसरशी धुराची रेघ विस्कटू लागली.

ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढच्याप्रमाणे मागचीही हवा हलवितो. पेटी व नळी यांची मापे जुळली, की ही मागची शक्ती खर्जाच्या साहाय्याला येते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता घुमणारा स्वर निघतो, त्यातलेच हे तत्त्व. अशा रचनेचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. तिचे गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडले. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले.

माझी नळी ५ सेंटीमीटर व्यासाची, तिच्या कडा करवतीने कापलेल्या. वेगाने ये-जा करणारी हवा धारदार कडेवरून वळू शकत नाही. ती सुटते, भोवरे होतात. त्यांचाच तो ‘भस्स’. हा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटरच्या आत राखावा, असा संकेत आहे. व्यास ७ सेंटीमीटर केला तर वेग निम्म्यावर येतो. मात्र घुमण्याचा स्वर तोच राखण्यासाठी नळी जवळजवळ दुप्पट लांब करावी लागते. तसे करून मी बाहेरचे तोंड सनईच्या प्याल्यासारखे फाकविले. आवाज कमी झाला, गेला नाही.

सर म्हणाले, “हवा आतही जाते ना?”

दृष्टीआडचे आतले तोंड मी तसेच ठेवले होते! तेही गोलावले, लांबी पुन्हा जुळविली, तेव्हा डग्गा स्वच्छ ऐकू आला.

मी आनंदलो. सरांनी शांतपणे विचारले, “आणि विकलेल्या पेट्यांचे काय?”

तशा चार पेट्या भजनी मंडळांकडे गेल्या होत्या. कोणाचीही तक्रार नव्हती. पुढचे दोन रविवार मी सायकलीवर कानस घेऊन हिंडलो.

त्या प्रश्नाचे ऋण मान्य करून आपली रजा घेतो.