तीन जागांचा मतदारसंघ



लोकशाही म्हणजे बहुमताचें राज्य, असें आपण नेहमीं ऐकतों. पण जेथें बहुमत कोणाचें हें जन्मतःच ठरलेलें असतें, तेथें अल्पसंख्यांनीं मतपेटीकडे कोणत्या आशेनें जावें? उत्तर आयर्लंडमध्यें या प्रश्नाचा एक लहानसा उलगडा पाहावयास मिळाला.

1921 सालीं आयर्लंडची फाळणी होऊन हा प्रांत ब्रिटनकडे राहिला. बहुसंख्य प्रॉटेस्टंटांस ब्रिटनशीं जोडलेलें राहावयाचें होतें. अल्पसंख्य कॅथलिकांची ओढ डब्लिनकडे. 1969 पासून तेथें रक्त सांडूं लागलें. अशा काळांत, 1979 च्या जूनमध्यें, नऊ राष्ट्रांच्या मतदारांनीं युरोपीय पार्लमेंटचे सभासद प्रथमच प्रत्यक्ष निवडले. ब्रिटनच्या वांट्यास 81 जागा आल्या. त्यांपैकीं 78 जागांसाठीं इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्यें एकेका सभासदाचे मतदारसंघ पाडले. उत्तर आयर्लंड मात्र तीन जागांचा एकच मतदारसंघ ठेवला. त्याचे तीन तुकडे केले असते, तर तिन्ही जागा एकाच समाजाकडे जाण्याचा संभव होता.

तेथील मतदार उमेदवारांच्या नांवांपुढें 1, 2, 3 असे पसंतीचे आंकडे मांडी. एकूण वैध मतांस चारांनीं भागून एक मिळविला कीं विजयाचा कोटा निघे. कोट्याहून अधिक पडलेलीं मतें, तसेंच तळाच्या उमेदवाराचीं मतें, पुढील पसंतीकडे वळत. म्हणजे चौथाईहून किंचित् अधिक पाठबळ असलेल्या समाजास डावलणें शक्य नसे. आपल्या राज्यसभेचे सभासदहि विधानसभांतून याच एकल संक्रमणीय मतानें निवडले जातात.

पहिल्या खेपेस इयन पेझली, जॉन टेलर व जॉन ह्यूम निवडून आले. पेझली युरोपीय ऐक्याचे कट्टर विरोधक. 1988 सालीं स्ट्रासबुर्ग येथें पोप दुसरे जॉन पॉल भाषण करूं लागतांच त्यांनीं आरडाओरड केली व त्यांस सभागृहाबाहेर काढावें लागलें. ह्यूम युरोपचे तितकेच कट्टर पुरस्कर्ते. तरीहि 1994 च्या शस्त्रसंधीनंतर हे दोघे व जिम निकल्सन मिळून युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक देलोर यांस भेटले. 1995 सालीं प्रांतांतील शांततेसाठीं युरोपीय निधीची खास योजना सुरू झाली. घरीं एकमेकांशीं न पटणारीं माणसें परक्या सभागृहांत एका प्रांताचे प्रतिनिधि म्हणून शेजारीं बसलीं, हें या तीन जागांचें फळ.

2014 पर्यंत प्रत्येक निवडणुकींत दोन युनियनिस्ट व एक राष्ट्रवादी निवडून आला. 2019 सालीं प्रथमच एक जागा दोन्ही गटांत न मोडणाऱ्या अलायन्स पक्षाच्या नेओमी लाँग यांस मिळाली. पण 2016 च्या सार्वमतांत प्रांताच्या 55.8 टक्के मतदारांनीं युरोपीय संघांत राहण्याचा कौल दिला असतांहि, 31 जानेवारी 2020 रोजीं ब्रिटन बाहेर पडला आणि तो मतदारसंघ संपला.

मालाविषयींचे अनेक युरोपीय नियम मात्र तेथें आजहि लागू आहेत. ते चालू ठेवावे कीं नाहींत, यावर बेलफास्टच्या विधानसभेस ठराविक काळानें मत देतां येतें. परंतु झालेल्या नियमास होकार-नकार देणें वेगळें, आणि नियम घडत असतांना त्या सभागृहांत आपलें माणूस बसलेलें असणें वेगळें.