कोंडरची दुसरी परीक्षा

१९८७ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शेवटचा मोकळा कोंडर पकडण्यात आला. पंख पसरले असता साडेनऊ फुटांपर्यंत भरणारा हा मृतभक्षक पक्षी. त्या दिवशी त्याच्या जातीचे अवघे २७ जीव पृथ्वीवर होते, आणि ते सारे सॅन दिएगो व लॉस एंजलिस येथील पिंजऱ्यांत. निर्णयावर तेव्हा कडाक्याचे वाद झाले. पण १९९२ पासून पिंजऱ्यात वाढलेली पिले पुन्हा आकाशात सोडली जाऊ लागली, आणि आज या पक्ष्यांची संख्या पाचशेच्या वर आहे.

परंतु ज्या संचयामुळे वंश वाचला, त्याच संचयात धोकाही असतो. बर्ड फ्लूचा विषाणू लाळेतून, नाकातील स्रावातून आणि विष्ठेतून पसरतो. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. उंच उड्डाणासाठी निसर्गाने दिलेली ही उत्तम व्यवस्था आहे, पण आजार शिरला की श्वास लागतो, मान खाली पडते, तोल जातो. एकाच मृत जनावरावर जमणाऱ्या कोंडरांना एकमेकांपासून दूर ठेवणार कोण? २०२३ च्या वसंतात अ‍ॅरिझोना-युटा भागातील कळपातले २१ पक्षी या रोगाने दगावले. कोंडरची मादी एका वेळी एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सहा-सात वर्षे लागतात. त्या हिशेबाने हे २१ म्हणजे किती, हे निराळे सांगायला नको.

कोंबड्यांच्या बाबतीत सरकारी नियम सोपा आहे. आपल्याकडे रोगस्थानाभोवतीच्या एक किलोमीटर परिघातील कोंबड्या मारून पुरतात. लस दिली तर रोगी कोण आणि टोचलेला कोण हे ओळखणे अवघड होते, व्यापार अडतो, म्हणून अनेक देश लशीला नाखूष असतात. मी स्वतः सरकारी नोकर आहे; नियमाची सोय मला कळते. पण ज्या जातीचे शेकड्यांतच जीव उरले, तिला हा नियम लावणे म्हणजे रोगाचे काम आपणच पुरे करणे होय. अमेरिकन कृषिखात्याने हे ओळखले. मे २०२३ मध्ये, मुळात कोंबड्यांसाठी असलेली लस कोंडरांना देण्यास आपत्कालीन परवानगी मिळाली. ती आधी विपुल असलेल्या काळ्या गिधाडांना टोचून पाहिली, मग बंदिवासातील कोंडरांना.

आपणांसही हा प्रश्न परका नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात २०१६ साली याच जातीच्या रोगाने चित्रबलाक दगावले आणि संग्रहालय बंद ठेवावे लागले. हरियाणातील पिंजौर येथे तर आपली पांढऱ्या पाठीची, लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे जोपासली जात आहेत. डायक्लोफिनॅक या औषधाने त्यांचा मोकळा वंश जवळजवळ संपवला. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. त्या पक्षिगृहांत विषाणू शिरण्याआधी लशीची परवानगी कोणी, किती दिवसांत द्यावयाची, हे कागदावर आधीच ठरलेले बरे. कोंडर मरू लागल्यावर अमेरिकेला ते घाईने ठरवावे लागले.