वॉर्डातून विधानसभेत
(समता कॉलोनी, रायपूर येथील भाषण)



पत्त्यात 'समता' लिहिणं सोपं आहे. मी तीस वर्षं वॉर्डात ड्युटी केली. ज्यांना माझ्या हातून सलाइन चाललं, त्यांच्यातल्याच काहींना घरी गेल्यावर माझ्या हातचं पाणी चाललं नाही.

म्हणून एडी बर्निस जॉन्सन मला आपल्या वाटतात. जन्म टेक्सासमधल्या वेकोत. काळ्या मुलीला तिथं मान्यताप्राप्त नर्सिंग शिकता येईना, म्हणून त्या इंडियानात शिकल्या. डॅलसमध्ये माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. पण त्या काळ्या आहेत हे दिसताच ठरलेली राहण्याची खोली नाकारली गेली. त्या मागे फिरल्या नाहीत. त्याच दवाखान्यात मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या. १९७२ साली टेक्सासच्या विधानसभेत निवडून गेल्या, कामगार समितीच्या अध्यक्ष झाल्या. १९८६ साली राज्याच्या सिनेटवर, आणि १९९३ ते २०२३ अमेरिकी काँग्रेसमध्ये. तिथं पोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका.

आपल्याकडे पूर्वी परिचारिका असलेल्या मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर एप्रिल २०२० मध्ये तो पोशाख घालून नायर रुग्णालयात गेल्या. कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण टाळ्यांनी कंत्राटी सिस्टर कायम होत नाही. ते कायद्यानं होतं, आणि कायदा विधानसभेत होतो.

ताईंनो, बाबासाहेबांनी आपल्याला मत दिलं, तसा उभं राहण्याचा हक्कही दिला. नुसतं मत देऊन घरी जाऊ नका. उमेदवारीचा अर्ज मागा.

जय भीम!