श्रमिकाचे ताट आणि श्रमिकाचे शरीर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कमी पैशांत चांगले कसे जेवावे आणि शरीर कसे राखावे, हा विषय राजकीय अभ्यासवर्गात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या विषयावर आजवर प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे बोलत आली. पहिला प्रकार उपदेशकांचा. गरीब माणसाला काय खावे ते कळत नाही, तो चहा, वडापाव आणि तंबाखूवर पैसे उडवतो, असे त्यांचे निदान. दुसरा प्रकार चळवळीतल्याच मंडळींचा. मजुरी वाढल्याखेरीज आहार सुधारणार नाही. तोवर त्याची चर्चा करणे म्हणजे भुकेल्याला पाककृती वाचून दाखवणे, असे त्यांचे म्हणणे. पहिले निदान अन्यायाचे आहे आणि दुसरे अपुरे. मजुरी हा मुख्य प्रश्न खराच; परंतु हाती पडलेल्या मजुरीतून अधिकात अधिक बळ कसे मिळवावे, हे ज्ञानही श्रमिकाच्या हक्काचेच आहे. चळवळीने ही जागा मोकळी सोडली, म्हणून तेथे डबाबंद पावडरींचे विक्रेते येऊन बसले.

आहार हा केवळ घरगुती विषय नाही, हे या देशाच्या अर्थकारणाने फार पूर्वीच मान्य केले आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले, तेव्हा त्याचा पाया ताट हाच धरला. डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक, कुटुंबात तीन उपभोग-एकके, चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के, असा तो हिशेब होता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी त्यात २५ टक्क्यांची भर घातली. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची मोजणी केली, तीही २,२५० उष्मांकांच्या आधारे. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक त्या पातळीखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परंतु उष्मांक म्हणजे चुलीतले सरपण. चूल पेटती राहिली म्हणजे घर धड राहतेच असे नाही. भात, साखर आणि तेल यांनी उष्मांकांची बेरीज पुरी करता येते. पण स्नायू बांधायला प्रथिने लागतात, रक्ताला लोह लागते, हाडांना कॅल्शियम लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. दुष्काळ नसतानाचे हे आकडे आहेत. पोट भरले, तरी शरीर उपाशी राहू शकते, हा त्यांचा अर्थ.

आता किराणा दुकानातल्या गणिताकडे वळावे. एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने सुमारे १३० ग्रॅम शेंगदाण्यांत, दीडशे ग्रॅमच्या आसपास तूरडाळीत किंवा पाच अंड्यांत मिळतात. प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या बाजारातला भाव या आकड्यांसमोर मांडून पाहावा. स्वस्त बळ कोठे आहे ते त्याला तत्काळ दिसेल. नाचणीत वजनास वजन धरले तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. ती भिजवून, मोड आणून किंवा आंबवून घेतली म्हणजे अंगीही अधिक लागते. कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका नाचणीची आंबील करीत आल्या, त्यामागे हे शहाणपण आहे. तृणधान्याच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे उणे असते ते तृणधान्यात असते. म्हणून भाकरी-पिठले, वरण-भात, मटकीची उसळ आणि पोळी, हुलग्याचे माडगे आणि भाकरी या जोड्या केवळ चवीच्या नव्हेत. किनारपट्टीवर सुकट आणि जवळा हीच जागा भरून काढतात. शेवग्याचा पाला, तांदुळजा, माठ, कारळ्याची वा जवसाची चटणी यांना श्रीमंताच्या ताटात फारशी प्रतिष्ठा नाही, एवढाच त्यांचा दोष.

काही सवयींना तर पैसाच लागत नाही. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. डाळी-कडधान्ये शिजवलेले पाणी फेकू नये. जेवणात लिंबू पिळले तर धान्य-भाजीतले लोह शरीर अधिक शोषून घेते; जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा सोडा असा उपदेश श्रमिकाला करू नये. तासाभराने घ्या, एवढे सांगणे पुरेसे आहे. याउलट ज्या पावडरी बळ आणि उंचीच्या आशेवर विकल्या जातात, त्यांतील पुष्कळ डब्यांत धान्याच्या अर्कासोबत मुख्यतः साखर असते. अशा पेयांना ‘आरोग्यपेय’ या सदराखाली ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारला एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना द्यावी लागली. मजुराच्या घरात असा डबा येतो तो अज्ञानातून नव्हे, तर मुलाविषयीच्या मायेतून. विक्रेता त्या मायेवरच कर बसवतो.

मात्र घराचा हिशेब एवढ्याने पुरा होत नाही. ताटात काय आहे याइतकेच ते कोणाच्या ताटात आहे हेही पाहावे लागते. अनेक घरांत पुरुष आणि मुलगे आधी जेवतात. बाई शेवटी बसते आणि पातेल्यात उरले असेल ते खाते. डाळीचा घट्ट भाग वर जातो, तिच्या वाट्याला पाणी येते. स्त्रियांच्या रक्तक्षयाचे एक मूळ या पंगतीत आहे. समतेचा ठराव सभेत मंजूर करणारा कार्यकर्ता घरी कोणत्या क्रमाने जेवतो, हा प्रश्न खाजगी म्हणून टाळता येणार नाही. सर्वांनी एकत्र बसून समान वाढून घेणे, ही पैशाशिवाय होणारी सर्वांत मोठी आहारसुधारणा आहे.

व्यायामाचीही गोष्ट अशीच आहे. कष्ट करणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला, असे विचारले जाते. परंतु हमालाचे श्रम शरीराच्या एकाच बाजूवर ओझे टाकतात, आणि रिक्षाचालक, पहारेकरी, शिलाई यंत्रावरची कामगार स्त्री यांचा दिवस एकाच जागी बसून किंवा उभा राहून जातो. पहिल्याला पाठीचे ताण सोडवणारा व्यायाम आणि पुरेशी विश्रांती हवी. दुसऱ्यांना हालचाल हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना साडेतीन हात जागा पुरते. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी कवायत आणि खेळ यांतून मुलामुलींना एका मैदानावर आणले, तेव्हा त्यांना महागडे साहित्य लागले नाही. मात्र मैदान लागले. आज शहरात मैदान आक्रसते आणि मासिक वर्गणीची व्यायामशाळा वाढते, तेव्हा शरीर राखणे हाही पैशाचा प्रश्न होतो. ज्या रस्त्यावर दिवा नाही, तेथे कामावरून परतलेल्या बाईला चालण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे.

येथे घरगुती गणिताची मर्यादा येते आणि सार्वजनिक गणित सुरू होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य दिले. २०२३ पासून ते मोफत झाले. या धान्याने अनेकांना उपासमारीतून वाचवले, हे निःसंशय. पण पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, अर्थात पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक. बैठे काम करणाऱ्या पुरुषाच्या गरजेच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक. आणि त्या कायद्याने डाळीचा किंवा तेलाचा हक्क दिलेला नाही. कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू-तांदूळच आले. शाळेतल्या मुलाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अखेरीस माध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. ज्या गावाला अंड्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच गावाला वर्गणी सर्वांत कठीण, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पुण्यातच कार्य केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पोषणाच्या चर्चेत शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवर भर दिला होता, तोही विसरता कामा नये. आतड्याच्या विकारांनी पोखरलेल्या शरीरात घातलेले अन्न अंगी लागत नाही.

कार्यकर्त्यांपुढे उदाहरणे आहेत. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या; स्वयंपाकघर आणि राजकारण यांतली भिंत त्यांनी पाडली. १९७४ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. ना नफा ना तोटा या तत्त्वावर हमालाला भाकरी-भाजी मिळाली आणि अनेक स्त्रियांना रोजगार. एका चळवळीने मागणी केली, दुसरीने रचना उभारली; दोन्ही लागतात.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत. शाखेच्या फळ्यावर दर आठवड्याला डाळी, शेंगदाणे, अंडी, दूध आणि पालेभाज्या यांचे भाव, आणि दहा रुपयांत त्यांतून किती प्रथिने मिळतात, ते लिहावे. रेशनवर डाळ, तेल आणि स्थानिक भरड धान्य मिळावे, ही मागणी तालुक्याच्या पुरवठा कार्यालयापर्यंत न्यावी. शाळेतले अंडे शासनाच्या खर्चाने परत यावे, यासाठी पालकांच्या सह्या गोळा कराव्यात. वस्तीजवळचे एक मैदान राखावे आणि तेथे सकाळ-संध्याकाळ शाखा भरवावी. किमान वेतनाच्या प्रत्येक वाटाघाटीत १९५७ चे ताट आजच्या भावाने मांडून मालकापुढे ठेवावे. ज्या कामगाराला आपल्या ताटाची किंमत पैशापैशाने ठाऊक आहे, त्याची वेतनाची मागणी खोडून काढणे कठीण असते.