गवतातली विमाने



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला फोनवर विषय विचारला, तेव्हा मी 'विमान' असे सांगितले. त्यांनी 'किमान' ऐकले आणि पुढचा 'वेतन' हा शब्द स्वतःच लिहून घेतला. यात त्यांचा दोष नाही. गेली तीस वर्षे मी सभांतून किमान वेतन, बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलत आलो. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यात लेथवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज मी विमानावर बोलणार असलो, तरी बोलणार आहे कामगार म्हणूनच.

गेल्या वर्षी अमेरिकेत भाच्याकडे दीड महिना राहण्याचा योग आला. तो कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी इंजिनियर आहे. विमानांच्या कारखान्यांमुळे त्या शहराला 'जगाची विमान-राजधानी' म्हणतात. एका रविवारी तो म्हणाला, "मामा, मोठे विमानतळ तुम्ही पाहिलेत. आज छोटे दाखवतो."

गावाबाहेर एक धावपट्टी, चार पत्र्याच्या शेडी आणि गवतात दोरांनी बांधून ठेवलेली काही विमाने. त्यांतले एक पाहून मी थांबलो. सेस्ना १७२ जातीचे, चार आसनांचे. चाकांतली हवा गेलेली, रबराला भेगा पडलेल्या, खिडक्या पिवळ्या झालेल्या. इंजिनाच्या तोंडातून काड्या बाहेर आलेल्या, म्हणजे आत पाखरांनी घर केलेले. मी पंखावरून हात फिरवला. रिव्हेटांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ होती. ज्याने ती बसवली, त्याला आपले काम येत होते.

शेडीतल्या वयस्कर मेकॅनिकने सांगितले, की हे विमान नऊ वर्षे जागचे हललेले नाही. आपण समजतो की यंत्र चालवले की झिजते. विमानाचे इंजिन उभे राहिले तर अधिक लवकर मरते. आतल्या भागांवरचे तेल ओघळून जाते, दमट हवा शिरते आणि सिलिंडर गंजू लागतात. मग ते इंजिन पूर्ण उघडून नवे करायला तीस-चाळीस हजार डॉलर लागतात. म्हणजे तशा जुन्या विमानाच्या किमतीपेक्षा त्याचा औषधोपचारच भारी. शिवाय विमा, जागेचे भाडे आणि कायद्याने सक्तीची वार्षिक तपासणी. अशी बांधून ठेवलेली विमाने त्या देशात ठिकठिकाणच्या छोट्या तळांवर आहेत.

ही विमाने बांधली कोणासाठी? कुबेरांसाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अनेक शिपायांना सरकारी खर्चाने विमान चालवायला शिकवले गेले. पायपर कंपनीची 'कब' नावाची दोन आसनी विमाने १९४७ पर्यंतच्या दहा वर्षांत वीस हजारांच्या आसपास निघाली. सेस्ना १७२ बाजारात आले १९५६ साली. किंमत सुमारे नऊ हजार डॉलर, म्हणजे तिथल्या मध्यम कुटुंबाची दोन वर्षांची मिळकत. आज तेच विमान नवे घ्यायचे तर चार लाख डॉलरांच्या वर पडते. तशाच कुटुंबाची चार वर्षांहून अधिक मिळकत त्यात जाईल.

१९७८ साली अमेरिकेत सतरा हजारांहून अधिक लहान विमाने तयार झाली. १९९४ साली हजारसुद्धा झाली नाहीत. मधल्या काळात पेट्रोल महागले, कर्जाचे व्याज भडकले आणि अपघातानंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपायी विम्याचा खर्च कारखानदारांच्या डोक्यावर बसला. दावे करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. सदोष भागामुळे ज्या बाईचा नवरा गेला, तिला न्याय मिळालाच पाहिजे. पण तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानांचीही जोखीम आजच्या मोजक्या नव्या विमानांच्या किमतीवर चढू लागली. सेस्नाने १९८६ साली पिस्टन इंजिनाची लहान विमाने बांधणे थांबवले. १९९४ साली कायदा झाला, की विमान अठरा वर्षांचे झाल्यावर निर्मात्यावर सहसा असा दावा चालणार नाही. त्यानंतर १९९६ साली उत्पादन पुन्हा सुरू झाले. पण जुनी किंमत परत आली नाही.

ती का आली नाही, हे खानावळ चालवणाऱ्याला विचारा. चाळीस मेंबर असताना जो आचारी, जी जागा आणि जे भाडे, तेच बारा मेंबर राहिल्यावरही लागते. मग दर वाढतो आणि दर वाढला की आणखी चौघे सोडून जातात. धावपट्टी, पेट्रोलचा पंप आणि मेकॅनिक यांचेही तसेच आहे. हौशी वैमानिकांचा परवाना असलेले लोक तिथे १९८० साली साडेतीन लाखांवर होते. आता ते निम्म्यावर आले आहेत.

कोणी म्हणेल, श्रीमंतांचे खेळणे मोडले तर कामगार पुढाऱ्याने का रडावे? शिवाय त्या पेट्रोलात शिसे असते आणि ते शेजारच्या वस्तीतल्या मुलांना अपायकारक आहे. हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. बिनशिशाचे पेट्रोल आलेच पाहिजे. पहिला मात्र मान्य नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती काही केवळ झोपण्यासाठी नव्हे. माणसाला पोटापलीकडचे काही हवे असते. छंद महाग होतो, तेव्हा धनिकाच्या हातून तो सुटत नाही. तो आधी सुटतो आपल्या माणसाच्या हातून.

हे मला त्याच दुपारी दिसले. एक सत्तरीचा गृहस्थ बादली घेऊन आला आणि त्या मेलेल्या विमानाच्या खिडक्या पुसू लागला. तोच त्याचा मालक. पूर्वी विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारणारा कामगार. ऐंशीच्या दशकातल्या कपातीत त्याची नोकरी गेली. पुढे दुसरीकडे काम करून, पैसे साठवून त्याने हे जुने विमान घेतले. निवृत्तीनंतर खर्च झेपेना. मी भाच्याकरवी विचारले, विकत का नाही? तो म्हणाला, विकले की मी विमानवाला राहणार नाही.

शेजारी त्याच जातीचे, जवळपास त्याच वयाचे एक विमान चकचकीत उभे होते. ते बारा जणांचे होते. प्रत्येकजण महिन्याची वर्गणी भरतो, पाळी लावून उडवतो. सतत चालते म्हणून इंजिन धड राहते. त्यांनी ह्यालाही बोलावले होते. आपले विमान घेऊन ये, मिळून दुरुस्त करू म्हणाले होते. त्याला ते नको होते. मी त्याला आमच्या कारखान्यातल्या पतपेढीची गोष्ट सांगितली. त्याने ती पुरती ऐकून घेतली आणि बादली उचलून दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे गेला.

त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. एकट्याच्या नावावर काहीतरी असावे, ही हौस आयुष्यभर दुसऱ्याच्या यंत्रावर राबलेल्यालाच अधिक असते. पण आपल्या देशाने आरंभी सामायिक वाट धरली होती. जुहूला फ्लाइंग क्लब निघाला १९२८ साली. जे. आर. डी. टाटांना पुढच्याच वर्षी वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थान एअरक्राफ्टने १९५८ साली 'पुष्पक' हे दोन आसनी विमान उडवले, ते अशा क्लबांसाठीच. आज आपले क्लब मुख्यतः नोकरीसाठी वैमानिक घडवतात. नुसत्या हौसेला तिथली फी परवडत नाही.

आपल्या गावात विमान नाही. पण कामगार केंद्रातली व्यायामशाळा आहे. तिचे मेंबर घटले म्हणून वर्गणी दुप्पट करावी, असा ठराव पुढच्या महिन्यात येणार आहे. मी त्याच्या विरुद्ध मत देणार आहे. वर्गणी वाढवण्याआधी आपण प्रत्येकाने एकेक माणूस आणून पाहू या. एवढेच सांगायला मी विमानातून इतका लांबचा फेरा घेतला.