वीस झोके



भौतिकशास्त्राचा अभ्यास मुलांनी कसा करावा, यावर मी बोलावं असं संयोजकांनी सांगितलं. इतकी वर्षं हाच विषय शिकवतोय म्हणून. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. सर पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून आजच.

लंबकाच्या प्रयोगाची निरीक्षणं मी शेजारच्या बाकावरून उतरवली होती. जर्नल मात्र देखणं! सरांनी ते चाळलं आणि एवढंच विचारलं, "लंबक चौपट लांब केला, तर एका झोक्याला किती वेळ लागेल?"

"चौपट," मी ठोकून दिलं.

सर रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. गोळ्याच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर लांबी घेतली. 20 झोके, 20 सेकंद. मग 1 मीटर. 20 झोके, 40 सेकंद! मोजण्यात चूक झाली असं वाटून मी पुन्हा पुन्हा मोजलं. वेळ दुप्पटच. सूत्रातलं वर्गमूळ मला पाठ होतं. ते काय करतं, हे त्या संध्याकाळी दिसलं.

एकच झोका का मोजायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. घड्याळ दाबताना होणारी चूक एका झोक्यात सगळीच्या सगळी येते. 20 मोजले की ती विसांत वाटली जाते.

"आणि गोळा जड घेतला तर?" सरांनी विचारलं. या वेळी मी म्हणालो, "मोजून सांगतो, सर." मोजलं. वेळ तेवढाच.

माझ्या विद्यार्थ्यांना आज मी हेच सांगतो. आधी आकृती काढा, मग उत्तराचा अंदाज लिहा, सूत्र त्यानंतर. प्रत्येक पायरीला एकक लिहा. अंदाज चुकला तर खोडू नका; का चुकला ते शेजारी लिहा. परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढंच वाचलं तरी पुष्कळ. आणि पुस्तक मिटून धाकट्या भावंडाला समजावून सांगा. जिथे अडाल, तिथे अभ्यास बाकी आहे.

सर, उतरवलेल्या निरीक्षणांबद्दल तुम्ही त्या दिवशी चकार शब्द काढला नाहीत. तुमच्या लक्षात आलं होतं का, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही. आज सांगून टाकतो, ती निरीक्षणं माझी नव्हती. त्यानंतरची सगळी माझी आहेत.